सूचना : शनिवारी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

गेल्या वेळी तास संपला तरी कुणी उठेना. शिकवण्याचं चीज झालं असं वाटलं. येत्या शनिवारी सकाळी १० वाजता कॉलेजच्या सभागृहात व्ही. शांतारामांचा हा १९४६चा हिंदी चित्रपट पाहू. तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पुस्तकातला माणूस पडद्यावर येताना काय बदलतं, ते नीट बघा.

– नेमून दिलेला भाग वाचूनच या. प्रत ग्रंथालयात आहे.
– मोबाईल बंद.
– नंतर चर्चा. बार्शी, अक्कलकोटच्या एसटीने जाणाऱ्यांनी आधी सांगा, तुम्हाला पहिल्यांदा बोलू देऊ.