छत बदलण्याआधी ताणपट्टे पाहा

संपादक महोदय,

मोटारीचं दुमडतं कापडी छत फाटलं की अनेकजण झटपट चिकटणारा गोंद ओततात. कृपया तसं करू नका. तो वाळून कडक होतो आणि छत दुमडताना त्याच्या कडेलाच नवी चीर पडते. ठिगळ आतून, लवचिक गोंदानं लावावं. चिरेपेक्षा चहूबाजूंनी 3 सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले. मग 24 तास छत दुमडायचं नाही.

चीर सांगाड्याच्या सांध्यापाशी असेल तर मात्र आधी बाजूचे ताणपट्टे तपासा. त्यांचं इलॅस्टिक सैल पडलं की कापड आत ओढलं न जाता सांध्यात चिमटतं. पट्टे तसेच ठेवून हजारोंचं नवं छत चढवलं, तर तेही तिथंच फाटेल!

– एक वाचक