शेजार बघून भाग निवड

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली, फोटोही बघितले. फ्रेम तू छान जपली आहेस. हेडसेटला, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगला, खेळ नाही, जोडांपाशी गंज नाही, सीटचा खांब ग्रीस लावून बसवलेला आहे. मला मनापासून आनंद झाला. आता लांबच्या सफरीसाठी तिच्यावर नवे भाग चढवायचे म्हणतेस, तर ते सावकाश ठरवू. यादीतली एकेक वस्तू उत्तमच आहे. पण त्या एकमेकींबरोबर चालतील का, हे तू पाहिलेलं दिसत नाही. सायकलचा कुठलाच भाग एकटा काम करत नाही. लिव्हर ब्रेकला ओढते, शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची खिटी, डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, हलवतो, टायर रिममध्ये बसतो आणि मडगार्डखालून फिरतो. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्या शेजारी काय बसणार आहे ते आधी बघ.

ब्रेकपासून सुरुवात करते, कारण तिथली गफलत जिवावर बेतते. तू रेसिंग सायकलच्या लिव्हर आणि व्ही-ब्रेक अशी जोडी लिहिली आहेस. वळणदार हँडलच्या नेहमीच्या लिव्हर केबल थोडीच ओढतात, आणि लांब भुजांच्या व्ही-ब्रेकला साधारण दुप्पट केबल लागते. ही जोडी बसवलीस तर लिव्हर हाताला मऊ, स्पंजासारखी लागेल, आणि ब्रेकचे रबरी गुटके रिमकडे पुरेसे सरकणारच नाहीत. ते सरकावेत म्हणून रिमला खेटून लावायचे, तर चाक जराही आउट झालं की घासायला लागतात. आणि लांब उतारावर सामानासकट खाली येताना गुटके थोडे झिजले की लिव्हर थेट हँडलला टेकते. म्हणून एक तर त्याच लिव्हर ठेव आणि आखूड भुजांचे, कमी केबलवर चालणारे कॅन्टिलिव्हर ब्रेक लाव, किंवा व्ही-ब्रेकच हवे असतील तर त्यांच्यासाठी बनवलेल्या, जास्त केबल ओढणाऱ्या लिव्हर घे. तुझ्या फ्रेमवरचे आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरचे ब्रेक बसवायचे खुंट दोन्ही प्रकारांना चालतात. मी दुसरी वाट धरेन. व्ही-ब्रेक जुळवायला सोपे असतात, आणि थंडीत बोटं आखडलेली असतानाही गुटके बदलता येतात.

पण त्या जास्त ओढीच्या लिव्हरमध्ये गिअरचे शिफ्टर नसतात. म्हणजे ब्रेक ठरले की शिफ्टरही बरेचसे ठरले. हँडलच्या दोन टोकांना बसणारे शिफ्टर घे, ९ स्पीडचे, म्हणजे मागे नऊ चकत्या असलेल्या सायकलसाठीचे. उजवा शिफ्टर टकटक आवाज करत एकेक गिअर बदलतो, आणि त्यातली चकती फिरवली की ठरलेले टप्पे जाऊन नुसत्या घर्षणावर चालतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. सायकल उजव्या कुशीवर पडली आणि डिरेलर ज्यावर लटकतं तो फ्रेमचा कान वाकला, तर टप्पे जुळत नाहीत. अशा वेळी चकती फिरवायची आणि अंदाजानं गिअर लावत मुक्काम गाठायचा. डाव्या शिफ्टरला टप्पे नसतातच, त्यामुळे पुढच्या डिरेलरशी त्याचं कधी वाकडं येत नाही.

९ स्पीडचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. शिमानो कंपनीच्या ८ आणि ९ स्पीडमध्ये रोड सायकलचे शिफ्टर आणि माउंटन सायकलचे मागचे डिरेलर एकमेकांना चालतात. माउंटनच्या १० स्पीडपासून केबलच्या ओढीचं प्रमाण बदललं, आणि ही सोय संपली. तुझ्या यादीत १० स्पीडचं माउंटन डिरेलर आहे, ते खोड.

आता दातांचा हिशेब. तू पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या आणि मागच्या ११ ते २८ दातांच्या लिहिल्या आहेस. रिकाम्या सायकलवर ते झकास आहे. पण सफरीसाठी सगळ्यात हलका गिअर आधी ठरवायचा असतो, बाकीचे मग आपोआप येतात. ३४ ला २८ नं भाग, तुझ्या चाकाचा घेर साधारण २.१८ मीटर धर. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेस तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटर. पाठीमागे वीस किलो सामान आणि समोर ८ टक्के चढ असताना हा वेग तासभर टिकवून बघ! पाय मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. पुढे ४४-३२-२२ आणि मागे ११-३४ लावलंस तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात १.४ मीटर, म्हणजे त्याच लयीत ताशी पाच किलोमीटर. चढावर लागणारी ताकद जवळजवळ वेगाच्या प्रमाणात असते, त्यामुळे श्रम निम्म्यावर येतात. वरचा ४४ ला ११ हा गिअर सामान घेऊन जाणाऱ्याला पुरून उरतो.

इतका हलका गिअर लावायला लाजायचं नाही. फ्रान्समधले पॉल द विव्ही, सगळे त्यांना व्हेलोसियो म्हणत, १८५३ साली जन्मले आणि १९३० साली गेले. त्यांनी आयुष्यभर फिरस्त्यांसाठी बदलत्या गिअरचा पुरस्कार केला, आणि शर्यतवाले तेव्हा गिअरकडे कमीपणानं बघत. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. फिरस्त्यांना त्याची गरज कितीतरी आधी कळली होती.

इथेही शेजार आहेच. पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि लहान चकतीत फरक २२ दातांचा, मागे २३ चा, एकूण ४५. एवढी ढिली चेन गोळा करायला लांब पिंजऱ्याचं, म्हणजे चेन ताणून धरणारी खालची भुजा लांब असलेलं, मागचं डिरेलर लागतं, आणि त्याच्या माहितीपत्रात क्षमता ४५ लिहिलेली असते. आखूड पिंजऱ्याचं घेतलंस तर लहानाला लहान लावल्यावर चेन लोंबेल. मोठ्याला मोठं चुकून पडलं तरी चेन पुरली पाहिजे, त्यामुळे तिची लांबी त्याच जोडीवर मोजून तोड.

चाकं जास्त पैसे घालण्यासारखी आहेत. मागच्या चाकाला ३६ आरे हवेत, मध्ये बारीक आणि टोकांना जाड असलेले. असे आरे थोडे लवचीक असतात आणि वाकाशी कमी तुटतात. तुटतो तो बहुधा मागचा, कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचा, कारण त्या बाजूचे आरे जास्त ताणलेले असतात. आणि नेमका तोच बदलायला कॅसेट काढावी लागते. म्हणून कॅसेट काढायचं छोटं हत्यार सोबत ठेव. पुढचं चाक, मागची डावी बाजू, मागची उजवी बाजू, या तिन्हींच्या आऱ्यांची लांबी वेगळी असू शकते. चाक बांधणाऱ्याकडून ती मिलिमीटरमध्ये लिहून घे आणि प्रत्येकीचे दोन-दोन आरे सीटच्या नळीला चिकटपट्टीनं बांधून ठेव. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, घेण्याआधी फ्रेमवर मागचं चाक जिथे बसतं त्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोज. १३५ मिलिमीटर असेल तर माउंटनचा हब बसेल, १३० असेल तर रोडचा.

टायर ३७-६२२ घे. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवरच्या बैठकीचा व्यास. ७०० सी, २८ इंच असली नावं काहीही असोत, ६२२ जुळला की टायर बसतो. रिमची आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर ठेव. व्हॉल्व्हचं भोकही बघून घे: बारीक व्हॉल्व्हला साडेसहा मिलिमीटर, मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हला साडेआठ. जाड भोकात बारीक व्हॉल्व्ह रबरी वायसर घालून चालतो, उलटं चालत नाही. पंप त्याच व्हॉल्व्हचा घे.

मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद हवं, आणि टायरपासून बोटभर लांब. पुढच्या मडगार्डच्या काड्यांबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. त्या चिमट्याला ताण आला की निसटणाऱ्या क्लिपनं जोडलेल्या असाव्यात. एखादी काटकी टायर आणि मडगार्डमध्ये अडकली की चाक तिला वर ओढतं, मडगार्ड दुमडून चिमट्याखाली कोंबलं जातं, चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे फेकले जातो. क्लिप असेल तर काडी निसटते आणि एवढंच होतं की मडगार्ड खडखडतं. बसवून झालं की क्लिप हातानं ओढून बघ.

कॅरिअर स्टीलच्या नळ्यांचं घे, जड असलं तरी. कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमवर वेगवेगळे कान आहेत, तेव्हा दोन्ही एकाच बोल्टवर लादू नकोस. उजव्या बाजूच्या खालच्या ५ मिलिमीटरच्या बोल्टकडे नीट बघ. तो लांब असला तर आतून बाहेर डोकावतो आणि चेन सगळ्यात लहान चकतीवर आली की तिला घासतो. चेन तिथे घालून पॅडल उलटं फिरव आणि कान लावून ऐक. घासत असेल तर आखूड बोल्ट लाव, किंवा एक वायसर डोक्याखाली सरकव. बॅगा बसवल्यावर सायकल चालवून टाच बॅगेला लागते का तेही बघ. लागली तर बॅग मागे सरकव, पण मागच्या चाकाच्या आसापासून फार मागे नको, नाहीतर सायकल शेपूट हलवत चालते.

सीटबद्दल मी फारसं बोलणार नाही. ती तुझ्या बसायच्या हाडांच्या रुंदीवर ठरते, माझ्या आवडीवर नाही. एवढंच सांगते, की मऊ जेलची गादी पहिल्या तासात सुखाची वाटते आणि चौथ्या तासात दुखायला लागते. चामड्याची घेतलीस तर पावसात झाक, आणि ताण देण्याचा नट उगीच फिरवू नकोस.

दिव्यासाठी पुढच्या चाकात डायनमो हब घालणार असशील तर पुढचं चाक बांधण्याआधी सांग, कारण मग आऱ्यांची लांबीही बदलते. तो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो. दिवाही त्याच मापाचा घे. घंटा घे. वेग मोजायचं यंत्र तुझ्या मनावर.

चेनसाठी एक साधी पट्टी ठेव. नव्या चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या सांध्याची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली की चेन बदल. १/८ पर्यंत वाट बघितलीस तर कॅसेटही सोबत जाईल, आणि नवी चेन जुन्या दातांवरून घसरेल.

आता पैसे भरण्याआधी मला चार मापं पाठव: मागच्या खाचांमधलं अंतर, सीटच्या खांबावर कोरलेला व्यास, चिमट्यात टायरसाठी असलेली मोकळी जागा, आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या नळीची रुंदी. ती ६८ मिलिमीटर असेल आणि तिच्यात बसणाऱ्या बेअरिंगच्या कपाला इंग्लिश आटे असतील, तर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. खोलताना जोर चुकीच्या दिशेला लावू नकोस. डावं पॅडलही तसंच. मापं आली की यादी पुन्हा एकत्र बघू.

तुझी,
आई