वळिवड्याच्या पोलिश लोकांवर कादंबरी लिहायची तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पवर लेख आला, शेवटी लेखकाने म्हटलंय की यावर कुणीतरी ऐतिहासिक कादंबरी लिहावी. अगदी मनातलं बोललात. पण एक भीती वाटते, आपल्याकडे हा विषय निघाला की गोष्ट थेट वळिवडे स्टेशनवर सुरू होते आणि कोल्हापूरकर किती दिलदार यावर संपते. कोल्हापूरने त्यांना सांभाळलं हे खरंच आहे, वॉर्सात आपल्या गावाच्या नावाचं स्मारक आहे याचा मलाही अभिमान आहे, पण त्या घरांची गोष्ट तीन वर्षं आधीच सुरू झालेली असते.

१० फेब्रुवारी १९४० च्या रात्री सोव्हिएत शिपाई पूर्व पोलंडमधल्या घरांत घुसले, सामान बांधायला कुठे अर्धा तास कुठे तेवढाही नाही, आणि अख्खी कुटुंबं मालगाडीत कोंबून सायबेरिया, अर्खांगेल्स्ककडे नेली. १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला म्हणून स्टालिनला पोलिश सरकारशी करार करावा लागला, तेव्हा कुठे सुटका. मग सुटलेल्या पोलिश लोकांतून उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या सैन्यामागून दक्षिणेला, १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात, आणि १९४३ पासून वळिवडे. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

मला विचाराल तर कादंबरीचा जीव १९४५ सालात आहे. नवरा इटलीत माँटे कसिनोला लढलाय, बायको पंचगंगेकाठी बराकीत राहून पोरांना पोलिश शाळेत पाठवतेय, चर्च, शाळा, स्काउट सगळं उभं केलंय कारण परत जायचंय. आणि याल्टाची, म्हणजे स्टालिन, चर्चिल, रूझवेल्ट यांच्या बैठकीची बातमी येते, पूर्व पोलंडमधली ल्वूव, विल्नो ही शहरं गेली, सगळा तो पट्टा सोव्हिएतकडे. जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढूनही घर गेलं, ही गोष्ट त्या बाईने मुलांना कशी सांगितली असेल? १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, थोडे पोलंडला. आणि त्याच जागेत फाळणीतून आलेले सिंधी लोक राहायला आले, तेच आजचं गांधीनगर. हा शेवटही कादंबरीत आलाच पाहिजे.

यातलं बरंच काही कुटुंबांच्या आठवणींतूनच मिळणार. तेव्हाची मुलं आठ-दहा वर्षांची, त्यांना भूक आठवते, तारखा नाही. म्हणून लेखकाने बराकीतली भांडणं, बायकांची बोलणी, पत्राची वाट बघणं खुशाल कल्पनेतून लिहावं, पण प्रवासाचा मार्ग आणि साल बदलू नये. बालाचडी आणि वळिवडे तर एक करूच नये, बालाचडीचा कॅम्प नवानगरचे राजे जामसाहेब यांचा, जामनगरजवळ, मुलांसाठीचा, लोक सर्रास घोळ घालतात. आणि प्लीज, कोल्हापूरचा तरुण आणि पोलिश मुलगी अशी लव्हस्टोरी उगाच घुसडू नका, त्या बायकांनी जे सोसलं त्यात कथानक भरपूर आहे.

आपल्याला एक विनंती. कॅम्पात दूध, भाजी, कापड पोचवणाऱ्यांची नातवंडं आज वळिवडे, गांधीनगर, कोल्हापुरात असतील. त्यांनी घरात ऐकलेलं पुरवणीत छापा, बारीकसारीक असलं तरी चालेल, लिहिणाऱ्याला तेच लागतं.

- आपला एक वाचक, कोल्हापूर