तेल कुठून गळतंय ते आधी बघा

सिंगापूर, नांगरावर

ती. अण्णा व ती. आई यांना थोरल्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता म्हणून लिहितोय. कागदाचा फोटो धाकट्याच्या मोबाइलवर टाकतो, त्याच्याकडून वाचून घ्या. मी खुशाल आहे. जहाज दोन दिवस तरी हलत नाही.

मला एवढं समजलं की ट्रॅक्टर तेल गाळतोय, मिस्त्रीनं मागचं ऑइल सील दोनदा बदललं आणि आता तो इंजिन खोलून बोअर करायचं म्हणतोय. अण्णा, सोयाबीनचे पैसे त्याच्या हातात एवढ्यात देऊ नका. गेल्या महिन्यात आमच्याकडं हेच झालंय.

आमच्या दोन नंबरच्या जनरेटरखाली, फ्लायव्हीलच्या बाजूला, रोज तेल साचायचं. सगळे म्हणाले सील गेलं. सील बदलायचं तर इंजिन आणि अल्टरनेटर वेगळे करायचे, म्हणजे तीन-चार दिवसांचं काम. मी सेकंड इंजिनिअरकडं एक दिवस मागितला. इंजिन बंद करून वरपासून खालपर्यंत धुतलं, कोरडं पुसलं आणि सगळ्या जोडांवर पांढरी पावडर भुरभुरली. मग चालू करून लोड दिला आणि बॅटरी घेऊन बसलो. तेल खाली ओघळतं, हवेनं मागं उडतं. जिथं थेंब पडतो तिथंच ते निघतं असं नसतं. पावडर सर्वांत आधी काळी झाली ती वर, इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला. सीलजवळ ओल आली ती लोड वाढल्यावर. दोन लांबच्या जागा एकदम गळायला लागल्या तेव्हा मला शंका आली की आतूनच कोणीतरी तेल ढकलतंय.

पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या चेंबरला, जोडलं. पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर पाणी चढलं, म्हणजे आत दाब फार होता. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली उतरतोच, तो ब्रीदरच्या पाइपनं बाहेर जायला हवा. आमचा पाइप पार वर डेकपर्यंत जातो, त्याच्या तोंडाला तारेची जाळी असते. ती जाळी काळ्या चिकट गाळानं पूर्ण बुजली होती. डिझेलमध्ये धुऊन बसवली आणि पाणी खाली आलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र बदलावं लागलं, कारण गळती थांबावी म्हणून कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की ते मधूनच फुगून बाहेर आलं होतं. सीलला हात लावला नाही. आज चोवीस दिवस झाले, खालची ताटली कोरडी आहे.

आई, तू घाबरशील म्हणून आगीचं सांगणार नव्हतो, पण सांगतो. गरम एक्झॉस्टवर तेल उडालं की इंजिनरूम पेटते. म्हणून जिथं तेल उडू शकतं असा 220 अंशांच्या वर तापणारा प्रत्येक भाग झाकलेला असलाच पाहिजे असा जगभरच्या जहाजांना नियम आहे. त्या झाकणाच्या कापडात तेल मुरलं होतं, ते मी त्याच दिवशी काढून नवं घातलं. बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं, पाणी समुद्रात सोडायचं तर त्यात दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. विहिरीवरच्या इंजिनचं तेल पाण्यावर तरंगलेलं दिसलं तेव्हा अण्णा कसे तडकले होते, ते मला इथं फार आठवतं.

आता धाकट्या, तू नीट वाच. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं धू, पुसून कोरडं कर, आईची पावडर मार. ट्रॉली जोडून पंधरा मिनिटं चालव. मग बंद करून वरून खाली बघ आणि सगळ्यात उंच ओली जागा कोणती ते ध्यानात ठेव. चालू असताना फॅन-पट्ट्याजवळ हात नेऊ नको. त्यानंतर ब्रीदरचा पाइप काढून फुंकर मार. आपल्याकडं काळ्या मातीचा गाळ बसतो, कधी कुंभारमाशी आत घर करते. पाइप मोकळा असूनही तेल ओतायच्या झाकणातून धूर जोरात फुसफुसला तर रिंगा गेल्यात, मिस्त्री बरोबर आहे, मी पैसे पाठवतो. तेल मोजायच्या पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर मात्र ट्रॅक्टर अजिबात चालवू नको. डिझेल चेंबरमध्ये उतरतंय आणि पातळ तेलावर बेअरिंगं जातील. पाइपाच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर जुने असले तर लाल तापवून पाण्यात टाक, मऊ होतात.

अण्णा, तुम्ही विहिरीवरचं इंजिन रोज चिंधीनं पुसायचात, म्हणून नवी गळती तुम्हाला त्याच दिवशी दिसायची. तेवढं त्याला दाखवा.

येळवशीच्या सणाला मी नसणार. भज्जी आणि आंबील खाताना आठवण काढा. काय निघालं ते लगेच कळवा, पावडर काळी झालेल्या जागेचा फोटो पाठवा.

तुमचा,
थोरला