जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

महोदय,

माझ्या पुतणीने नुकताच एका प्रवेशप्रक्रियेचा ऑनलाइन अर्ज भरला. जन्मतारीख १५ ऑगस्ट निवडली. छापील प्रतीवर मात्र १४ ऑगस्ट उमटली. मदतकेंद्राने ‘तुमच्याकडूनच चुकले असेल’ असे सांगून अर्ज पुन्हा भरायला लावला, तरी पुन्हा १४च. शेवटी तिने १६ निवडली, तेव्हा कुठे १५ छापून आली.

वेब प्रोग्रॅमिंग हाच माझा व्यवसाय असल्याने दोष ओळखीचा वाटला. निवडलेली तारीख ब्राउझरमध्ये ‘भारतातील मध्यरात्र’ म्हणून धरली जाते आणि सर्व्हरकडे पाठवताना जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) तिचे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर करते. आपले घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने ती वेळ आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसहा होते. मग वेळेचा भाग छाटला जातो आणि आदली तारीख साठवली जाते. न्यूयॉर्कचे घड्याळ यूटीसीच्या मागे असल्याने हाच कोड तिथे तपासला तर तारीख बरोबर येते, त्यामुळे चूक सहसा लक्षात येत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सर्व्हरवर साडेपाच तास मिळवणे. तोही फसवा आहे. सिंगापूर यूटीसीच्या आठ तास पुढे असल्याने तिथल्या मराठी कुटुंबाने भरलेली तारीख त्यानंतरही मागेच राहते. इतकेच कशाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती आणि ब्राउझरला हा इतिहास ठाऊक असतो. म्हणून १९४३ साली जन्मलेल्या आजोबांनी पुण्यात बसून अर्ज भरला, तरी साडेपाच तासांनी हिशेब जुळत नाही.

शुल्क नेमके कधी भरले, याची नोंद यूटीसीत ठेवून ती भारतीय वेळेत दाखवणे योग्यच आहे. जन्मतारीख मात्र घड्याळातला क्षण नव्हे; ती वर्ष, महिना, दिवस एवढ्याच रूपात पाठवावी आणि डेटाबेसमध्येही निव्वळ तारीख म्हणूनच साठवावी. संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी संस्थांनी संगणकाची वेळ एकदा मुंबईची व एकदा सिंगापूरची ठेवून अर्ज भरून पाहावा आणि छापील प्रत ताडून घ्यावी, ही विनंती. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत.

– एक वेब प्रोग्रॅमर, पुणे