बर्फाचा आकडा छापताना कोणी मोजला तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाच्या दोन बातम्या तुमच्या पेपरात आठवड्याच्या अंतराने आल्या आणि दुसऱ्या बातमीत बर्फ आधीपेक्षा एकदम दहा लाख चौ. किमीने कमी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन्ही कात्रणं शेजारी लावून कोणीतरी टाकली, की बघा, हे हवामान बदलवाले वाट्टेल तो आकडा ठोकून देतात. फार वाईट वाटलं, कारण दोन्ही आकडे बरोबरच होते, फक्त एक एक्स्टेंटचा होता आणि दुसरा एरियाचा, आणि हे बातमीत कुठेच नव्हतं.

अमेरिकेतली एनएसआयडीसी ही संस्था समुद्राचे साधारण 25 बाय 25 किमीचे चौकोन पाडून मोजते, म्हणजे एकेक चौकोन जवळजवळ आख्ख्या मुंबईएवढा. आता त्यात 15 टक्के बर्फ दिसला तरी एक्स्टेंटमध्ये पूर्ण चौकोन धरला जातो, पार कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत. एरियामध्ये मात्र जितके टक्के बर्फ तितकीच जागा धरतात, त्यामुळे तो आकडा कमीच येणार. मग एरियाच का नाही वापरत सगळे? तर उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि सॅटेलाइटवरचा मायक्रोवेव्ह सेन्सर, जो ढगांतून आणि ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या रात्रीतही बघू शकतो, तो नेमका इथे फसतो, खाली जाड बर्फ असूनही त्याला तिथे उघडा समुद्र दिसतो, म्हणून एरियाचा आकडा एक्स्टेंटपेक्षा जास्त चुकतो.

त्यात संस्था वेगळ्या. जपानची अवकाश संस्था जाक्सा स्वतःचा एएमएसआर-2 सेन्सर वापरते, जर्मनीचं ब्रेमेन विद्यापीठ त्याच सेन्सरच्या डेटावरून जास्त बारीक चौकोनांचे नकाशे काढतं, एनएसआयडीसी पाच दिवसांची सरासरी देते. आकडे थोडे मागेपुढे होणारच. पण कुठल्याही एका संस्थेची सलग वर्षं लावून बघा, आर्क्टिकचा सप्टेंबरमधला बर्फ घटतोय हेच दिसतं, 2012 मध्ये तर तो 34 लाख चौ. किमीच्या आसपास आला होता.

आणि वेगवेगळ्या सेन्सरच्या आकड्यांची आपसात तुलना हवीच, कारण सेन्सर बिघडतात. 2009 च्या सुरुवातीला एका सॅटेलाइटचा सेन्सर हळूहळू चुकत गेला आणि जवळपास 5 लाख चौ. किमी बर्फ हिशोबातून गायब झाला. एनएसआयडीसीने ते स्वतःहून जाहीर केलं आणि दुसऱ्या सॅटेलाइटचा डेटा घेतला. मला हे फार मोठं वाटतं, पण फॉरवर्ड करणाऱ्यांच्या हातात मात्र त्यातलं फक्त 'चुकलं' एवढंच उरतं.

अंटार्क्टिकाचंही तेच. तिथला बर्फ सप्टेंबर 2014 मध्ये 2 कोटी चौ. किमीच्या वर गेला होता, तो आकडा अजून फिरतोय, पण 2023 च्या सप्टेंबरमध्ये जेमतेम 1 कोटी 70 लाख झाला, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

जागा कमी असते हे मान्य, पण दोन-तीन शब्दांचाच प्रश्न आहे. संस्था कुठली, एक्स्टेंट की एरिया, आणि तुलना करायची तर त्याच संस्थेच्या मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी करा. आणि त्या दोन बातम्यांचा खुलासा पण छापा प्लीज, म्हणजे मला तो ग्रुपवर टाकता येईल.

आपला एक वाचक,
विलेपार्ले, मुंबई