राजीनाम्यावर सही करू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सारखं म्हणत होतीस, "आई, नियम मीच मोडला." मोडलास, मान्य. एका गिऱ्हाइकाने नको म्हणून काउंटरवर सोडलेलं कूपन तू पुढच्या आजींच्या बिलाला लावलंस. पण त्यातला एक पैसाही तुझ्या खिशात गेला नाही. इतकी वर्षं गल्ल्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मुलीवर 'अप्रामाणिकपणा' असा शेरा मारून तिला नोकरीवरून काढायचं, हे मला सहन होत नाही.

"राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही," असं मॅनेजर म्हणाले ना? सही करू नकोस. राजीनामा दिला की नोकरी तू आपणहून सोडलीस असं होतं आणि पुढे दाद मागणं अवघड जातं. बेकारभत्ता असेल तर बऱ्याच ठिकाणी तोही अडकतो.

बर्लिनमधल्या सुपरमार्केटच्या एका कॅशियर बाईंचं प्रकरण मी वाचलंय. रिकाम्या बाटल्या परत केल्या की डिपॉझिटची पावती मिळते; गिऱ्हाइकाच्या हरवलेल्या अशा दोन पावत्या त्यांनी स्वतःसाठी वापरल्या, असा आरोप होता. रक्कम १.३० युरो, नोकरी तीस वर्षांहून जास्त. २००८ मध्ये त्यांना तडकाफडकी काढलं. खालच्या दोन्ही कोर्टांत त्या हरल्या, तरी थांबल्या नाहीत. जून २०१० मध्ये जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. एवढ्या वर्षांत कमावलेला विश्वास असल्या एका चुकीने पुरता संपत नाही, ताकीद पुरेशी होती, असं न्यायालयाचं म्हणणं. तुझं प्रकरण तर त्याहून किती साधं!

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, हे खरंच. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारातही वर्तणुकीवरून काढण्याआधी कामगाराला बाजू मांडू द्यावी असं आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांनाच तो लागू होतो, तरी तुला कोणी विचारलं का, आधी कधी लेखी ताकीद दिली का, हे प्रश्न कुठेही महत्त्वाचेच. आणि असंच कूपन दुसऱ्या कोणी लावलं तेव्हा काय झालं होतं? हे नक्की आठव.

काढण्याचं कारण लेखी माग. कंपनीत अपील असेल तर कर. युनियनमध्ये किंवा कामगार कार्यालयात जाऊन सगळ्यात आधी तक्रारीची मुदत विचार. जर्मनीत ती जेमतेम ३ आठवडे असते, तेव्हा रडण्यात दिवस घालवू नकोस गं. थकलेला पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे तुझ्या हक्काचे आहेत, पण "आता माझी काही तक्रार नाही" अशा ओळीखाली सही करून ते घेऊ नकोस.

तिथे परत जायचं की नाही, ते सावकाश ठरव. दुसरीकडे अर्ज आजपासूनच कर. लढायचं ते 'अप्रामाणिकपणा'चा तो शेरा पुसण्यासाठी. तडजोडीत नोकरी परत मिळाली नाही तरी कारण बदलून आणि अनुभवाचं पत्र मागून घेता येतं.

त्या दिवशीचं सगळं, कोण काय बोललं, कोण हजर होतं, वेळेसकट आजच लिहून काढ. उद्या फोनवर मला वाचून दाखव.

तुझी,
आई